तेलाचे दोन डाग

येसूमावशी, तुझा चिखल छान मुरला होता.

सोळाव्या दिवशी सकाळी पोती बाजूला सारून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, कुठे गाठ लागली नाही. वासही तू सांगितला होतास तसाच, गोठा आणि ताक मिळून येतो तसा. ‘पंधरा दिवस रोज पानी मार, सोळाव्याला मी येते,’ एवढं बजावून तू हरसूलच्या बसमध्ये चढली होतीस. सातव्या दिवशी पहाटे मंदाचा फोन आला. तुझ्या लेकीने मला तोवर कधी फोन केला नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच उठून बसलो. ‘आई झोपेतच गेली, दादा.’ मी आधी तालमीत गेलो, भिंतीसाठी तू कालवलेल्या चिखलाला पाणी मारलं आणि मग हरसूलची वाट धरली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हा माणूस आहे की कोण. पण तू शेवटचं सांगितलेलं काम तेवढंच होतं माझ्याकडे. ते चुकवायचं धाडस झालं नाही.

आता महिना होत आला. तुला सगळं सांगायचं राहिलंय, आणि त्यातलं बरंचसं तुला आधीच माहीत होतं, हे मला तू गेल्यावर कळलं. तरी सांगतो.

तुला मी शोधलं कसं, ते तू सगळ्यांना रंगवून सांगायचीस. ‘हा बाबा हरसूलच्या बाजारात भिंत इकत घ्यायला आलता,’ म्हणायचीस. आलोच होतो जवळजवळ तसा. जुन्या नाशकात, गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीतली ती तालीम म्हणजे कच्च्या विटांची हातभर जाड भिंत, वर कौलं, आत कुस्तीचा हौदा. कधीतरी कुणीतरी भिंतीच्या खालच्या अंगाला सिमेंटचं प्लॅस्टर मारलं होतं आणि त्याच्या आड ओल कोंडून विटांचा भुगा झाला होता. निम्मी मंडळी म्हणत होती, पाडा आणि स्लॅब टाका. वस्ताद ऐंशीच्या घरातले, ते ऐकेनात. ‘कुस्ती मातीत आणि भिंत सिमेंटची, हे माझ्या हयातीत होणार नाही,’ म्हणाले. म्हणून मला बोलावलं. मी वीस वर्षं लोखंड-काँक्रीट करून मग जुन्या इमारतींच्या नादी लागलेला इंजिनियर. पुस्तकं भरपूर वाचलेली. पण शहरातला एकही गवंडी मातीला हात लावायला तयार होईना. तेव्हा तुझ्या बाजाराला गेलो आणि टोपल्या विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘भित ना? येसूकडं जा. तिच्या हाताला भित चिकटती.’

तू आलीस ती एक पिशवी घेऊन. पिशवीत भिंत घोटायचे दोन गुळगुळीत गोटे, एक जुनं लुगडं आणि भाकरी. मी विचारलं, हत्यारं कुठायत? तू दोन्ही हात पुढे केलेस.

आणि मग चपला काढून तू तालमीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला निघालीस, तेव्हा मी तुला थांबवलं. ‘मावशी, तालमीत बायका आत जात नाहीत.’

‘कोन म्हनलं?’

‘असतं तसं.’

वस्ताद तेव्हा बाहेर गेले होते. दारात मी, तू आणि वर लोंबणारी एक तसबीर, एवढेच होतो.  तू पुन्हा चपला घातल्यास आणि भिंतीला बाहेरून वळसा घालून गेलीस. मावशी, मला ते कुणीही सांगितलेलं नव्हतं. लहानपणापासून डोक्यात होतं, एवढंच. हे वाक्य लिहायला मला महिना लागला.

त्या पहिल्या दिवशी मी आणखी एक घोळ घातला होता. भिंतीचं गळून पडलेलं जुनं मातीचं प्लॅस्टर मी आदल्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवून दिलं होतं, जागा साफ करून ठेवली म्हणून तू खूश होशील अशा बेताने. तू मोकळी जागा बघितलीस आणि मटकन खाली बसलीस.

‘जुनी माती कुठंय?’

‘राडारोडा होता तो मावशी. टाकला.’

‘दही लावतानी इरजन कुठून आनतो तू? दुकानातून?’

मग कळलं. जुन्या भिंतीची माती भिजवून नव्या चिखलात मिसळल्याशिवाय तू कामाला हात लावत नाहीस. ती माती भिंतीत राहून राहून शहाणी झालेली असते, नव्या मातीला वळण लावते, असं तुझं म्हणणं. ट्रॅक्टरवाल्याला गाठून मखमलाबादच्या रस्त्याला त्याने ओतलेला ढीग मी शोधला, आणि तू आणि मी तो परत भरून आणला. माझ्या शर्टाची अवस्था बघून तू येताना सगळ्या रस्त्याने हसत होतीस. ‘लय शिकलेला हे,’ असं ट्रॅक्टरवाल्याला सांगत होतीस.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचो. आठ दिवसांनी तू वैतागलीस. ‘मावशी म्हनतो आनि तुमी म्हनतो? मंग मावशी नको म्हनू, मॅडम म्हन.’ तेव्हापासून तू ‘तू’ झालीस. मला मात्र तू शेवटपर्यंत सायेबच म्हणालीस, तेही अरे-तुरे करत. ‘ए सायेब, घमेलं उचल.’ असा मान मला कुठल्या ऑफिसात मिळाला नाही.

भांडलो तर आपण रोजच. माती घेताना तू चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलीस आणि म्हणालीस, ‘खारट हे, नको.’ मी म्हणालो, तपासणीला पाठवू. तपासणीचा कागद आठ दिवसांनी आला. त्यात क्षार जास्त असंच लिहिलं होतं. तो कागद मी तुला दाखवलाच नाही. चिखलात घालायचं भाताचं तूस घोटीच्या गिरणीतलंच हवं म्हणून तू अडून बसलीस, आणि मी दुसरीकडून आणलेलं एक पोतं चिवड्यासारखं पसरून, हुंगून परत पाठवलंस.

खरं भांडण वेगळंच होतं आणि ते मिटलंच नाही. मी म्हणायचो, मावशी, असं काम करू की पन्नास वर्षं बघायला नको. तू म्हणायचीस, ‘बघायला नको? मंग केली कशाला?’ तीन-चार पावसाळ्यांनी भिंतीवरून पुन्हा हात फिरवावा लागणार, हे मला कमीपणाचं वाटायचं. तुला त्यात काहीच वाईट वाटायचं नाही. ‘डोकं धुतो ना आपन? एकदाच धुतो का?’ एवढं म्हणून तू चिखलाच्या पुढच्या गोळ्याला लागायचीस.

बाहेरच्या तीन भिंती तू केल्यास. पुढच्या अंगाला दार आणि लाकडी जाळ्या, तिथे भिंत नव्हतीच. आतलं काम मात्र, मी घातलेल्या अटीमुळे, माझ्या गळ्यात पडलं. तू दारात बसून सांगायचीस, मी आत करायचो. आधी भिंतीला पाणी पाजायचं, सावकाश, भिंत पुरे म्हणेपर्यंत. मग गोळा फेकायचा, थापायचा नाही. मग हाताच्या कडेने ओढायचा. मला हे पुस्तकातून येत होतं, म्हणजे येत नव्हतं.

आत बघता येत नाही म्हणून तू ती युक्ती काढलीस. मी आतून लाकडी थापीने ठोकायचं आणि तू बाहेरून भिंतीला कान लावायचा. भरीव असली तर आवाज घट्ट येतो. माती भिंतीला चिकटली नसेल तर पोकळ, मडक्यासारखा. डोक्याला तू एवढं तेल चोपडायचीस की कान लावशील तिथे खोबरेलाचा पुसट डाग उठायचा. ‘शेवटचा हात दिला की जातील,’ म्हणायचीस. ती गल्लीतली पोरं हसायची, बाई भिंतीशी बोलते म्हणून. तू त्यांनाही कान लावायला लावलास.

आणि रोज संध्याकाळी हात धुताना तू विचारायचीस, आत काय काय हाय. मी सांगायचो. मारुती शेंदराने लाल. हौदा चौकोनी. माती तांबडी, लोण्यासारखी. त्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालतात. एकदा तू म्हणालीस, ‘चिमूटभर आन की.’ मी कागदाच्या पुडीत आणली. तू ती जिभेवर ठेवली नाहीस. हुंगलीस, तळहातावर चोळलीस आणि बराच वेळ मूठ मिटून बसलीस. ‘ही माती कुनीतरी लय जपलीय,’ म्हणालीस. ‘हिच्यात पाय बुडवून बघायला पायजे.’ मी हसलो. आता वाटतं, हसायला काय झालं होतं मला?

पश्चिमेच्या भिंतीवर, आतून, छातीच्या उंचीला एक जागा पोकळ वाजली. ताटाएवढी. त्या दिवशी मला घाई होती. भिंतीला पाणी कमी पाजलं होतं, मला माहीत होतं. तू बाहेरून ओरडलीस, ‘सायेब, इथं पोकळ हे! काढून परत कर.’ उद्या करतो म्हणालो. आठवडाभर तू रोज त्याच जागी कान लावत होतीस आणि मी रोज उद्या म्हणत होतो. पैलवान पोरं त्याच भिंतीला टेकून दम खातात. वाळल्यावर तो पापुद्रा कुणाच्या अंगावर आला असता तर? तू म्हणालीस, ‘तुझ्याच्यानं होत नसल तर मला जाऊ दे आत. वस्तादाला इचार ना.’ बघू म्हणालो. हे तू तीनदा म्हणालीस. तीनदा मी बघू म्हणालो. मला भीती वाटत होती की असं काही विचारलं तर मंडळी बिथरतील, स्लॅबवाले पुन्हा डोकं वर काढतील, हातातलं काम जाईल. खरं सांगू का, ती भीतीसुद्धा मी नंतर शोधून काढली असेल. पहिल्या दिवशी मीच बोललेलं मागे घ्यायची लाज वाटत होती, एवढंच असेल.

शेवटी मी तुला सांगितलं, ‘केली मावशी. काढून परत केली.’

केली नव्हती. वरवर एक हात फिरवला होता.

तू कान लावलास. ‘ठोक.’ मी त्या जागेच्या वीतभर बाजूला ठोकलं, जिथे भिंत भरीव होती. तू म्हणालीस, ‘आनखी.’ पुन्हा ठोकलं. ‘आनखी.’ दहा-बारा वेळा तू मला ठोकायला लावलंस.  मग तू म्हणालीस, ‘बरं.’

मला सुटल्यासारखं वाटलं, मावशी. काय माणूस आहे मी.

त्यानंतर दोन दिवसांनी तू शेवटच्या हाताचा चिखल कालवलास, जुन्या मातीचं विरजण घातलंस, पोत्यांनी झाकलास आणि घरी गेलीस. जाताना म्हणालीस, ‘थोडा जास्तच केलाय. कुठं लागला तर असावा.’ कुठे लागणार होता, ते तुला ठाऊक होतं.

सोळावा दिवस उजाडला तो तुझ्या दहाव्याचा. चिखल बघून मी तुझ्या गावी आलो. तुझं घर पहिल्यांदा तेव्हा नीट पाहिलं. तुझ्या मातीला आलो होतो तेव्हा माणसांच्या गर्दीत काही दिसलं नव्हतं. कुडाच्या भिंतीवर तुझ्या बोटांच्या कमानी, एकीला एक लागून, ओटीपासून चुलीपर्यंत. मी त्यावर हात ठेवून बघितला. माझी बोटं त्या खाचांत बसेनात, तुझी केवढीशी होती. मंदाने चहा दिला. मी तिला म्हणालो, तालमीची भिंत राहिलीय, तू येशील का? आईबरोबर तीही कामं करायची हे मला माहीत होतं.

‘येईन की,’ म्हणाली. ‘आई म्हनायची, आतून एक जागा ऱ्हायलीय. म्हनायची, सायेब बोलवल मला कधीतरी आत.’

मी चहा तसाच ठेवून उठलो. 

परत आलो तो थेट तालमीच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीशी गेलो. ऊन तिरपं पडलं होतं. तुझ्या उंचीला, त्या पोकळ जागेच्या बरोबर मागे तेलाचा एक गडद डाग होता, आठवडाभर कान लावल्याचा. आणि त्याच्या वीतभर बाजूला दुसरा. त्याहून फिका, पण बाकीच्या भिंतीवरच्या पुसट डागांपेक्षा ठसठशीत. दहा-बारा ठोके कान दाबून धरल्यावर उठेल एवढा.

तू कान सरकवला होतास. पहिल्या ठोक्यालाच तुला कळलं होतं की मी कुठे ठोकतोय. तू आवाजामागे गेलीस, जिथे मी होतो तिथे कान ठेवलास, आणि मी खरं बोलेन म्हणून दहा-बारा वेळा संधी दिलीस. मग ‘बरं’ म्हणालीस. तू मला चार लोकांत फाडून खाल्लं असतंस तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांकडे गेलो. ते दाराशी लाकडी खुर्चीत पेपर वाचत होते. मी रात्रभर मनात जुळवलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, ‘वस्ताद, मावशीच्या लेकीनं आत येऊन भिंत केली तर चालेल का?’

‘न चालायला काय झालं?’

‘नाही, म्हणजे बायका आत येत नाहीत ना.’

वस्तादांनी पेपर खाली ठेवला. ‘कोण म्हणालं?’

तुझेच शब्द, मावशी. आणि माझं उत्तरही तेच, ‘असतं तसं.’

‘इथं चपला घालून कुणी येत नाही, एवढं एकच आहे बघा,’ ते म्हणाले. ‘होतं पूर्वी तसं, नाही कशाला म्हणू? पण माझी नात मॅटवर कुस्ती खेळते साहेब. सुट्टीला आली की याच हौद्यात जोर मारते. मला वाटत होतं, मावशीच काही पाळतात. दोनदा चहाला आत बोलावलं त्यांना. तर म्हणाल्या, नको, सायेबाला नाय आवडायचं.’

 

म्हणजे तुला केव्हाचं माहीत होतं. दार उघडं होतं, तुला आत बोलावलंही होतं. तू उंबरा ओलांडून दोन पावलांत ती जागा खरवडून नीट करू शकत होतीस. तरी तू बाहेर बसलीस आणि तीनदा मलाच म्हणालीस, इचार ना. ज्याने थांबवलं त्याने आत बोलवावं, एवढंच तुझं मागणं होतं. आणि वस्तादांपुढे माझी अब्रूही राखलीस. एका शब्दाचं काम होतं, मावशी. माझ्याकडून ते झालं नाही. माफ कर असं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस, तू आधीच माफ करून बसलेली.

तेरावं उरकल्यावर मंदा आली. तिच्या पिशवीत तुझे दोन्ही गोटे होते. दारात तिने चपला काढल्या आणि तशीच अनवाणी बाहेरून वळसा घालायला निघाली. तू तिला तसंच सांगितलं असणार. मी हाक मारली.

‘मंदा, आत ये.’

इतकं सोपं होतं. तिने उंबरा ओलांडला, मारुतीला हात जोडले आणि हौद्याच्या कडेकडेने पश्चिमेच्या भिंतीशी गेली. थापीने एकदाच ठोकलं आणि माझ्याकडे वळून हसली. अगदी तुझं हसणं, लय शिकलेला हे, असं म्हणणारं. मग आम्ही दोघांनी तो पापुद्रा काढला. सगळा एका झटक्यात सुटून आला. भिंतीला पाणी पाजलं, सावकाश. तू जास्तीचा केलेला चिखल बरोबर पुरला.

चार दिवस वाळू दिलं. पाचव्या दिवशी मंदा आत गेली आणि मी बाहेर. मी आधी दुसऱ्या डागावर कान ठेवला. का, ते माहीत नाही. तिथे तू माझं खोटं ऐकून घेतलंस, म्हणून असेल. मग वीतभर सरकून पहिल्या डागावर आलो. ‘ठोक,’ म्हणालो. आवाज घट्ट आला, भिंतीच्या पार आतून. ‘आणखी,’ म्हणालो. भिंत उन्हाने कोमट होती आणि खोबरेलाचा वास अजून थोडासा होता. मी तिला बराच वेळ ठोकायला लावलं. ऐकायचं काही राहिलं नव्हतं, तरीही.

राहिला बाहेरून शेवटचा हात. मंदाने डागांपाशी येऊन विचारलं, ‘हे ठेवायचे का दादा?’ मला ठेवायचे होते, मावशी. काच लावून ठेवायचे होते. पण तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. ‘नको,’ म्हणालो, ‘डोकं धुतो ना आपण?’ तिला काही कळलं नाही. दोन्ही डागांवर मी माझ्या हाताने माती ओढली. माझी बोटं जरा जाडच उमटली. तीन-चार पावसाळ्यांनी पुन्हा हात द्यायला येईन तेव्हा सुधारीन.

काम संपल्यावर मंदा आत गोटे विसरली म्हणून ते आणायला गेली. बाहेर आली तेव्हा पाय घोट्यापर्यंत तांबडे झालेले. हौद्यातून आली होती, मधोमध. वस्ताद खुर्चीतून बघत होते. तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं, गल्लीतल्या नळाकडे निघाली पाय धुवायला.

‘धुऊ नकोस,’ मी म्हणालो. ‘तशीच घरी जा.’

हरसूलच्या बसमध्ये ती तशीच चढली.